मेलबर्नमध्ये तरुण ॲबोरिजिनल मुलींच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. आम्हाला त्यातलं काही कळेल का? काय बघावं, काय विचारावं?

तुम्ही मुलीकडे मेलबर्नला आला आहात, जवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये तरुण ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या आदिवासी, चित्रकर्तींचं प्रदर्शन लागलंय, आणि चित्रकलेतलं काही कळत नसताना जावं का, आवडलं तर विकत घेतलेलं चालतं का, असं तुम्ही विचारलंय. नक्की जा. मी इथेच राहते आणि अशी प्रदर्शनं आवर्जून बघते. माझं तर मत आहे की मोठ्या आर्ट गॅलरीच्या आधी अशा हॉलमध्येच जावं, कारण तिथे चित्राशेजारी चित्र काढणारी उभी असते.

एक गोष्ट आधीच सांगते. तिथे ठिपक्यांची चित्रं फारशी दिसली नाहीत, तर हे काम 'अस्सल' नाही असं समजू नका. पोस्टकार्डांवर आणि विमानतळावरच्या दुकानांत दिसणारी ठिपक्यांची शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली आहे. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पापुन्या नावाची वस्ती आहे. तिथल्या पुरुषांनी १९७१ मध्ये, पूर्वी वाळूवर आणि अंगावर काढल्या जाणाऱ्या आकृत्या फळ्यांवर रंगवायला सुरुवात केली आणि तिथून ही शैली जगभर गेली. मेलबर्नपासून ते ठिकाण सुमारे दोन हजार किलोमीटर लांब आहे. इकडची, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातल्या ॲबोरिजिनल लोकांची (त्यांना कुरी म्हणतात) परंपरा रेषांची. समांतर रेषा, नागमोडी रेषा, एकात एक बसवलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन. हे सगळं लाकडी ढालींवर कोरलं जायचं आणि पॉसम या झाडावर राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्याच्या आतल्या बाजूवर उमटवलं जायचं.

त्या कातड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते माहीत असेल तर निम्मं प्रदर्शन आपोआप कळतं. इथे थंडी बोचरी असते. बाळासाठी पॉसमची थोडी कातडी शिवून पांघरायची झूल करायची आणि मूल वाढेल तशी त्याला आणखी कातडी जोडत जायची, अशी रीत होती. आतल्या बाजूला माणसाचं कूळ, त्याची जमीन, नदी यांच्या खुणा असायच्या. माणूस गेला की अनेकदा त्याच झुलीत गुंडाळून त्याला पुरायचे. मग गोरे आले, लोकांना ख्रिस्ती मिशनच्या आवारात कोंडलं गेलं, झुलींच्या जागी सरकारी ब्लँकेटं आली आणि ही कला जवळजवळ थांबली. मेलबर्नच्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातल्या दोनच झुली उरल्या, एक १८५३ ची आणि एक लेक काँडाहची, १८७२ ची. १९९९ मध्ये विकी कझन्स, डेब्रा कझन्स, ली डॅरॉक आणि ट्रियाना हॅम या चौघींनी त्या जवळून पाहिल्या आणि आपल्या हातांनी पुन्हा तशा करायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियात पॉसम संरक्षित प्राणी आहे, म्हणून कातडी न्यूझीलंडहून आणावी लागतात. तिकडे तोच प्राणी उपद्रवी ठरलाय. २००६ मध्ये मेलबर्नला झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी राज्यातल्या वेगवेगळ्या समाजांतले वडीलधारे या नव्या झुली पांघरून आले होते. ते बघत मोठ्या झालेल्या मुली आज विशी-तिशीत आहेत. त्यांच्या कॅनव्हासवर, कानातल्यांवर, भिंतीवरच्या मोठ्या चित्रांत जी रेषा दिसेल ती तिथून आलेली आहे.

सगळ्याच जणी जुन्या खुणा घेऊन काम करतील असंही नाही. हेली मिलर बेकर ही १९९० मध्ये जन्मलेली गुंडिचमारा समाजाची कलाकार कृष्णधवल फोटोंतून आपल्या घराण्याच्या गोष्टी सांगते. उत्तरेकडची गयपलानी वानांबी टाकून दिलेल्या रस्त्याच्या पाट्यांवर कोरून काम करते. २०२५ चा राष्ट्रीय ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर कला पुरस्कार तिला मिळाला. त्यामुळे हॉलमध्ये भरतकाम दिसलं, व्हिडिओ दिसला, तरी थांबून बघा.

तरुण बायकांचं स्वतंत्र प्रदर्शन लागतं, याचंही मला फार अप्रूप वाटतं. पापुन्यात सुरुवातीला बाजारात नाव झालं ते पुरुषांचं. बायका बऱ्याचदा नवऱ्याच्या, वडिलांच्या चित्रांत हात लावत. त्यांना स्वतःच्या नावावर मान मिळायला पुढची वीसेक वर्षं गेली. मध्य ऑस्ट्रेलियातल्याच नामवंत चित्रकर्ती एमिली कामे न्ग्वारेये यांनी कॅनव्हास हाती घेतला तेव्हा त्या जवळजवळ ऐंशीच्या होत्या. आपल्याकडे वारलीतही काहीसं असंच झालं. लग्नाचा चौक लिहिणं हे सवाशिणींचं काम, पण कागदावर आणि जगासमोर आधी गेले ते जिव्या सोमा म्हशे आणि त्यांच्यामागून इतर पुरुष. दोन्हीकडे बाजार आला की बाई मागे राहिली. म्हणून तिथे एखादी बावीस वर्षांची मुलगी स्वतःच्या नावाची पाटी लावून उभी असेल, तर तिच्याशी जरूर बोला.

काय बोलायचं? चित्राखालची पाटी आधी वाचा. तिच्यावर नावासोबत तिच्या समाजाचं नाव असतं: योर्टा योर्टा, वुरुंडजेरी, वाडावुरुंग. "ही जागा कुठे आहे? हे तुम्हाला कुणी शिकवलं?" असं विचारलंत की बहुतेक जणी खुलून बोलतात. पण कुठलीही गोष्ट कुणीही रंगवावी असं त्यांच्यात चालत नाही. गोष्ट कुटुंबाची असते, जमिनीची असते, आणि ती सांगायची परवानगी थोरल्या बायकांकडून मिळते. म्हणून कधी उत्तर अर्धंच मिळेल. तिथे थांबा, खोदून विचारू नका.

आणि कृपा करून एक गोष्ट विचारू नका: "तू तर गोरी दिसतेस, मग आदिवासी कशी?" आपल्या लोकांच्या तोंडून हे सहज निघतं, मी ते ऐकलंय, आणि समोरच्या मुलीचा चेहरा उतरलेलाही पाहिलाय. त्या प्रश्नामागे फार दुखरा इतिहास आहे. व्हिक्टोरियात १८८६ च्या कायद्याने मिश्र वंशाच्या, ३४ वर्षांखालच्या लोकांना मिशनमधून बाहेर काढलं आणि घरंच्या घरं तुटली. देशभर विसाव्या शतकात, साधारण १९७० पर्यंत, मुलं आईबापांपासून हिरावून नेली जात होती, आणि त्यात उजळ रंगाची मुलं मुद्दाम निवडली जात. २००८ च्या १३ फेब्रुवारीला पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल माफी मागितली. भिंतीवर चित्र लावणाऱ्या एखादीच्या आजीला आपलं गाव कोणतं हेही उतारवयात कळलेलं असू शकतं. त्या मुलीचे लोक तिला आपली म्हणतात, एवढं आपल्याला पुरे.

फोटो विचारून काढा. दारात कधी पाटी असते की आत दिवंगत व्यक्तींची नावं किंवा छायाचित्रं आहेत. ती तिथल्या कुटुंबांसाठी असते, कारण अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव काही काळ घेत नाहीत.

आता खरेदी. अवश्य घ्या, संकोच नको. पैशांपैकी किती कलाकाराला जातात हे विचारणं इथे उद्धटपणाचं मानत नाहीत. तुरुंगात असलेल्या आणि सुटून आलेल्या ॲबोरिजिनल कलाकारांसाठी 'द टॉर्च' ही संस्था मेलबर्नमध्ये काम करते, तिथे चित्राची पूर्ण किंमत कलाकाराला मिळते. उलट पर्यटकांच्या दुकानांतलं बूमरँग बघून भुलू नका. सरकारच्या उत्पादकता आयोगाने २०२२ मध्ये नोंदवलं की अशा भेटवस्तूंवरच्या खर्चातला निम्म्याहून अधिक पैसा बनावट मालावर जातो. मूळ चित्र परवडत नसेल तर त्याच हॉलमध्ये प्रिंट, कार्डं, कानातली असतात.

जमलं तर उद्घाटनाच्या दिवशीच जा, त्या दिवशी बहुतेक कलाकार आपल्या घरच्यांसोबत हजर असतात. नंतर वेळ उरला तर फेडरेशन स्क्वेअरला कुरी हेरिटेज ट्रस्ट आहे, तिथे प्रवेश मोफत आहे आणि दुकानही चांगलं आहे.