पसरणी घाट, उंचीचा अंदाज आणि पेटंट

प्रश्न थोडक्यात असा: मी चिंचवडचा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीतली नोकरी गेल्या सप्टेंबरात सोडली. एका मित्राबरोबर इलेक्ट्रिक मिनीबससाठी कंट्रोलर बनवला आहे. पुढच्या रस्त्याची उंची आधीच ओळखून तो मोटरला किती पॉवर द्यायची आणि उतारावर परत येणाऱ्या विजेसाठी बॅटरीत किती जागा रिकामी ठेवायची ते ठरवतो. वाईच्या मेहुण्याच्या गाडीवर ५ डिसेंबरपासून पसरणी घाटात चाचण्या चालू आहेत. फेब्रुवारीत एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लावलं, बक्षीसही मिळालं. आता एक जण सांगतो की सॉफ्टवेअरला भारतात पेटंट नाही. दुसरा म्हणतो, प्रदर्शनात दाखवलंत ना, मग संपलं. एका परदेशी कंपनीने ईमेलवर तपशील मागवले आहेत. जुनी कंपनी हक्क सांगेल, ही धास्ती वेगळीच. काय करू?

नमस्कार. तुम्ही पाठवलेली बारा पानं आणि घाटातले आलेख दोनदा वाचले. सल्ला देणारे तुमचे दोघेही अर्धवट बरोबर आहेत, आणि म्हणूनच त्यांचं ऐकून गप्प बसण्यात धोका आहे.

आधी नावडतं सांगतो. ‘पुढच्या रस्त्याची उंची ओळखून गाडीची पॉवर ठरवणे’ या कल्पनेवर पेटंट मिळणार नाही. त्याला कारण सॉफ्टवेअर नाही. कल्पना जुनी आहे, एवढंच. मर्सिडीज-बेंझच्या ट्रकांत २०१२ पासून नकाशा आणि जीपीएसवरून पुढचा चढ-उतार ओळखून गिअर आणि वेग ठरवणारी यंत्रणा आहे. स्कॅनियाने त्याच सुमाराला तसंच काही आणलं. व्होल्वोची ‘आय-सी’ तर आपण चाललेला रस्ता स्वतःच लक्षात ठेवायची आणि पुढच्या फेरीला त्याचा उपयोग करायची. तेव्हा ‘आमचा कंट्रोलर मागच्या फेऱ्यांमधून शिकतो’ हे तुमचं पान ४ वरचं ठळक वाक्यही नवं नाही. पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) प्रमाणे तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व तर हवंच, शिवाय त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ असं म्हणता येता कामा नये. या कल्पनेबाबत तो तसं म्हणेल, आणि ट्रकचं माहितीपत्रक पुढे ठेवेल.

आता आवडेल ते. तुमचं खरं काम पान ९ वर दडलं आहे आणि तुम्ही त्याला ‘किरकोळ सुधारणा’ म्हटलं आहे. घाटात नकाशातली उंची चुकते. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात जमिनीचे साधारण तीस-तीस मीटरचे चौकोन असतात, आणि घाटात अशा एका चौकोनात रस्ता, गटार, कठडा आणि वरचा कडा सगळंच येतं. जीपीएस दहा मीटर बाजूला सरकलं की गाडी कड्यावर चढल्यासारखी उंची एकदम उडी मारते. तुमचा दुसरा आलेख मी पत्नीला दाखवला, तिला तो ईसीजी वाटला. यावर तुम्ही हवेच्या दाबाच्या सेन्सरवरून आणि मोटरच्या करंटवरून खरा चढ मोजता. दाबाचा सेन्सर पावसाळी हवेत भरकटतो, म्हणून वाईच्या स्टँडवर गाडी उभी राहिली की तो शून्यावर आणता. नकाशा आणि मोजमाप यांतली तफावत ठरावीक मर्यादेबाहेर गेली, तर कंट्रोलर अंदाजावरचा भरवसा कमी करतो आणि बॅटरीतली राखीव जागा त्या प्रमाणात बदलतो. अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत. अंदाज किती खोटा आहे हे चालत्या गाडीत मोजून त्यानुसार पॉवर बदलणं, याला माझ्या मते दावा करण्याजोगं अंग आहे. पेटंट या पानावर मागा.

राखीव जागेचं महत्त्व आकड्यांत दाखवा, पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाला ते लगेच कळतं. वाई ते पाचगणी साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. आठ टनांची मिनीबस तेवढी वर न्यायला, टायरचं घर्षण आणि वारा सोडून, सुमारे १२ युनिट वीज लागते. उतरताना त्यातली काही परत मिळू शकते. पण पाचगणीला रात्रभर चार्ज करून सकाळी १०० टक्के बॅटरीने घाट उतरायला लागलात, तर परत येणाऱ्या विजेला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेक लायनरवर येतो. तुमचा कंट्रोलर चार्जिंग आधीच थांबवतो. लायनरच्या तापमानाचे दोन्ही प्रकारचे आकडे, कंट्रोलर चालू असतानाचे आणि बंद असतानाचे, तुमच्याकडे आहेत. ते स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या तपशीलवार वर्णनात, गेलेच पाहिजेत.

कारण पुढचा अडथळा कलम ३(के) चा. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, ‘कॉम्प्युटर प्रोग्राम पर से’ आणि अल्गोरिदम हे शोध मानले जात नाहीत. ‘पर से’ म्हणजे नुसता प्रोग्राम, एकटा. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ ला सांगितलं की शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल, तर केवळ प्रोग्रामवर आधारलेला म्हणून तो नाकारता येत नाही. आज मोटारी, वॉशिंग मशीन, फ्रिज सगळ्यांतच प्रोग्राम असतात, हे त्या निकालातच म्हटलं आहे. नवं हार्डवेअर हवंच, ही २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतली अट २०१७ मध्ये गळली. तरीही काही परीक्षक सवयीने ती विचारतात. विचारली तर भांडायला जागा आहे.

अमेरिकेतलं १९८१ चं डायमंड विरुद्ध डीअर हे प्रकरण आपल्याकडे बंधनकारक नाही, पण समजायला सोपं आहे. रबर साच्यात किती वेळ ठेवायचं याचं समीकरण जुनंच होतं. अर्जदार साच्यातलं तापमान सतत मोजून ते समीकरण पुन्हा पुन्हा सोडवायचा आणि नेमक्या वेळी प्रेस (साचा दाबून धरणारं यंत्र) उघडायचा. पेटंट समीकरणाला मिळालं नाही, रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेला मिळालं. तुमची प्रेस म्हणजे मोटर आणि चार्जर.

म्हणून दाव्याचं, म्हणजे नेमका कशावर हक्क मागता ते सांगणारं, वाक्य ‘रस्त्याची उंची वर्तवण्याची पद्धत’ असं सुरू झालं की तुम्ही स्वतःच ३(के) च्या खड्ड्यात उतरलात. ढोबळ मसुदा असा हवा: ‘विद्युत वाहनाचा नियंत्रक, जो वाहनावरील दाबाच्या सेन्सरवरून व मोटरच्या करंटवरून प्रत्यक्ष चढ मोजतो, साठवलेल्या उंचीशी त्याची तफावत काढतो, आणि त्या तफावतीनुसार बॅटरीची वरची चार्ज-मर्यादा व मोटरचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) बदलतो.’ वाक्याचा शेवट लोखंडात आणि विजेत झाला पाहिजे. कलम ३(एफ) ची हरकतही येईल: सेन्सर जुना, जीपीएस जुनं, बॅटरी जुनी, तुम्ही ती नुसती शेजारी मांडलीत. उत्तर तफावतीत आहे. एकाचं मोजमाप दुसऱ्याचं काम बदलतं, म्हणजे ते सुटे सुटे चालत नाहीत. मसुदा मी मराठीत लिहिला तो तुमच्यासाठी. अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच स्वीकारतात, मराठी चालत नाही. मुंबईत अंटॉप हिलच्या पेटंट कार्यालयातसुद्धा!

आता प्रदर्शन. कलम ३१ मध्ये प्रदर्शनाला बारा महिन्यांची सूट आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला. कॉलेजचा टेक-फेस्ट त्यात बसत नाही, बक्षीस मिळालं तरी. पोस्टरवर जे होतं ते जगजाहीर झालं असं धरून चाला. मात्र तुम्ही पाठवलेल्या फोटोत पोस्टरवर दिसतं ते ‘जीपीएस, उंचीचा नकाशा, कंट्रोलर, बॅटरी’ एवढंच. ते तसंही जुनं होतं, त्यामुळे गमावलं फारसं नाही. तफावतीचा भाग त्यावर नाही. प्रश्न आहे तो प्रदर्शनातल्या परीक्षकांना तुम्ही तोंडी काय समजावलंत याचा. भारतात ती गोष्ट आधीच लोकांना ठाऊक होती, हा पेटंट रद्द करण्याचा आधार आहे, आणि ठाऊक होण्यासाठी छापावंच लागतं असं नाही. आठवेल तेवढं आज लिहून ठेवा, मित्राकडूनही वेगळं लिहून घ्या.

घाटातल्या चाचण्यांची बाजू बरी आहे. कलम ३२ म्हणतं की अर्जदाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने शोध उघड्यावर चालवला, पण तो वाजवी चाचणीपुरताच होता आणि शोधाच्या स्वरूपामुळे उघड्यावर चालवणं गरजेचं होतं, तर अर्जाच्या आधीच्या एक वर्षातला तो वापर आड येत नाही. घाटाचा कंट्रोलर घाटातच तपासणार, दिवाणखान्यात नाही. पण वर्ष ५ डिसेंबरला भरतं, आणि ‘चाचणीपुरताच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मेहुणेबुवांनी ‘मायलेज किट बसवलेली गाडी’ म्हणून जादा भाडं घेतलं असेल किंवा दुसऱ्या गाडीवाल्याला किट विकलं असेल, तर हे संरक्षण डळमळतं. स्पष्ट विचारा. नात्यात संकोच होतो, पण उलटतपासणीत त्याहून जास्त होतो. (मूळ गाडीत बदल केल्याची आरटीओ आणि विमा कंपनीची बाजू वेगळी आहे. त्यासाठी वेगळं भेटा.)

जुन्या कंपनीबाबत. नोकरानं लावलेला शोध कुणाचा, यावर आपल्या पेटंट कायद्यात स्वतंत्र कलमच नाही. सगळं नेमणूकपत्रावर आणि करारावर. ‘नोकरीच्या काळातील सर्व शोध कंपनीचे’ हे वाक्य बहुतेक असेलच. ‘सोडल्यानंतर अमुक महिन्यांपर्यंतचेही’ असं असेल, तर करार कायद्याच्या कलम २७ खाली वाद घालता येतो, पण तो वाद आहे, खात्री नव्हे. तुम्ही लिहिता की कल्पना नोकरीत असतानाच सुचली. नुसती कल्पना हा शोध नाही. तफावतीचा भाग कधी आणि कुणाच्या मशीनवर झाला, हे बघायचं. कोडच्या नोंदींवर नोव्हेंबरच्या तारखा आहेत, हे तुमच्या बाजूचं. ऑफिसच्या लॅपटॉपवर केलेली एक जुनी फाइल आहे म्हणता, ते नाही. ती उडवू नका, आणि कंपनीकडे ना-हरकत मागायला आज धावूही नका. आधी मला करार दाखवा.

मित्राने तफावतीचं गणित सुचवलं असेल तर तो सहशोधक आहे आणि अर्जात त्याचं नाव हवं. तुम्ही सांगितलेलं फक्त कोडमध्ये उतरवलं असेल तर नाही. दोघे मालक झालात, तर वेगळा करार नसल्यास कलम ५० प्रमाणे हिस्सा समान, आणि एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. मैत्री चांगली आहे तोवर कागद करून घ्या. मेहुण्याने गाडी आणि डिझेलऐवजी वीज दिली. उपकार मोठे, पण त्याने तो शोधक होत नाही.

खर्चाची भीती बाळगू नका. व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअप म्हणून ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, तीस पानं आणि दहा दावे यांपर्यंत. परीक्षणाची फी ४,००० वेगळी. एजंटची फी यात नाही. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज, तारीख मिळवण्यासाठी) टाका, बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्या. पण प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानांची जागा अडवणं समजू नका. त्यात जे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. पान ९ पूर्ण, आलेखांसकट जाऊ द्या. परदेशात अर्ज करायचा असेल तर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा आधी परवानगी घ्यायची, नाहीतर कलम ४० प्रमाणे इथला अर्जच सोडून दिला असं मानतात.

आणि पेटंट मिळालं म्हणजे माल विकायची मुभा मिळाली, असं नाही. पेटंट दुसऱ्याला अडवतं, तुम्हाला वाट मोकळी करून देत नाही. मोठ्या कंपन्यांची भारतात चालू असलेली पेटंटं तुमच्या कंट्रोलरला आडवी येतात का, याचा शोध वेगळा घ्यावा लागेल.

परदेशी कंपनीला आज एवढंच उत्तर पाठवा: ‘आपल्या रसाबद्दल आभार. गोपनीयतेचा करार झाल्यावर तपशील देऊ.’ आलेख जोडू नका. तो ईसीजीसारखा दिसणारा तर मुळीच नको.