कॅनडा पीआरसाठी निधीचा पुरावा: पत्नीला ‘सोबत नाही’ दाखवण्याआधी हा हिशेब पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक्सप्रेस एंट्रीत (कॅनडात कायम वास्तव्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज करण्याच्या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीत) फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांच्या वर्गातून आपण अर्ज करणार आहात. पत्नी आणि दोन मुले एक-दीड वर्ष कोल्हापुरातच राहणार असल्याने, तिथे स्थिरावण्यापुरते पैसे असल्याचा पुरावा म्हणून एका माणसापुरती रक्कम दाखवली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. हाताशी पगाराच्या खात्यातले ४ लाख, पत्नीच्या एकटीच्या नावावरची ५ लाखांची मुदत ठेव, पतसंस्थेतली ३ लाखांची ठेव, वडील शिरोळकडची जमीन विकून देणार आहेत ते ८ लाख आणि मामेभाऊ सहा महिन्यांसाठी वापरायला देतो म्हणतो ते ६ लाख, एवढे आहे.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि ओळखीच्या मुलांचे असे कागद पाहून देतो. आपल्या प्रश्नातली खरी अडचण मला पैशांची वाटत नाही, ती ‘एकटा जाणार’ या कल्पनेत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

किती रक्कम दाखवायची हे कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरते, आणि ही संख्या मोजताना पती किंवा पत्नी व अवलंबून असलेली मुले सोबत येणार नसली तरी धरावीच लागतात. (२२ वर्षांखालची अविवाहित मुले अवलंबून समजली जातात.) म्हणजे आपण एकटे विमानात बसलात तरी आपले कुटुंब चौघांचेच राहते. ७ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या तक्त्याप्रमाणे एका माणसाला १५,२६३, दोघांना १९,००१, तिघांना २३,३६० आणि चौघांना २८,३६२ कॅनेडियन डॉलर लागतात. हा तक्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे अर्ज करताना तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयआरसीसीच्या संकेतस्थळावरचा आकडाच प्रमाण मानावा. डॉलर ६२ रुपये धरला तर चौघांचे १७ लाख ५८ हजार होतात; तोच ६५ वर गेला तर १८ लाख ४३ हजार. तीन रुपयांच्या फरकाने ८५ हजार वाढतात, म्हणून काठावर न राहता लाख-दीड लाख जास्तच ठेवावेत असे माझे मत आहे.

पत्नीला ‘सोबत येणार नाही’ असे दाखवण्याचा सल्ला आपल्याला बहुधा एखाद्या एजंटने दिला असावा. तसे दाखवल्यावर गुण अविवाहित अर्जदाराप्रमाणे मोजले जातात आणि काहींचे त्यात थोडे गुण वाढतात, हे खरे आहे. परंतु निधीच्या बाबतीत तो सल्ला आपल्याला महागात पडेल. सोबत येणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या संयुक्त खात्यातले पैसे धरता येतात, आणि केवळ तिच्या नावावर असलेले पैसेही, ते आपल्याला वापरता येतात हे सिद्ध केल्यास, धरले जाऊ शकतात. ती सोबत येणार नसेल तर हा आधार उरत नाही. तिच्या नावाची ५ लाखांची ठेव बाजूला पडते, आणि कुटुंब मात्र चौघांचेच मोजले जाते. पत्नी सोबत असेल तर आपले ४, तिचे ५, पतसंस्थेचे ३ आणि वडिलांचे ८ असे २० लाख होतात व मामेभावाच्या पैशांची गरजच पडत नाही. पत्नीला वगळले तर तीच बेरीज १५ लाखांवर येते आणि मग उसनवारीचा विचार सुरू होतो. सगळ्यांचा एकत्र व्हिसा घेऊन आपण आधी जाणे आणि व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी त्यांना बोलावणे हा मार्ग मोकळा असतोच, मात्र त्या मुदतीत दीड वर्ष बसेलच असे गृहीत धरू नये. कोणत्याही परिस्थितीत पत्नी किंवा मुलांची नावे अर्जातून गाळू नयेत. ज्यांना अर्जात दाखवलेले नाही आणि ज्यांची वैद्यकीय तपासणी झालेली नाही, त्यांना पुढे कुटुंबीय म्हणून बोलावून घेण्याचा रस्ता सामान्यतः बंद होतो.

आता मामेभावाचे ६ लाख. नियमाची भाषा अशी आहे की निधी हस्तांतरित करता येण्यासारखा, उपलब्ध आणि कर्ज वा अन्य बंधनांपासून मुक्त असावा. उसने घेतलेले पैसे यात बसत नाहीत, मग ते बँकेचे असोत, पाहुण्याचे असोत किंवा व्याजाशिवाय दिलेले असोत. आपल्याकडे घराघरांत अशी मदत होते आणि तिच्यात गैर काही नाही, परंतु परत करायची रक्कम ‘माझी’ म्हणून लिहून देणे हे तिथल्या कायद्याने खोटी माहिती देणे ठरते आणि त्यासाठी पाच वर्षांची बंदी येऊ शकते. अशी उसनवारी दिसते कशी, तर बँकेच्या पत्रात चालू शिलकेबरोबर मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही द्यावी लागते. ज्या खात्यात पाच महिने ४ लाख होते आणि सहाव्या महिन्यात १० लाख झाले, त्याची सरासरी ५ लाख निघते. शिल्लक १० आणि सरासरी ५ हे दोन आकडे एकाखाली एक आले की ही रक्कम कुठून आली हा प्रश्न कोणालाही पडेल. ‘बक्षीस म्हणून लिहून घेऊ’ असा तोडगाही आपल्याला सुचवला जाईल. जे परत करायचे आहे ते बक्षीस नव्हे, ही एक गोष्ट; शिवाय मामेभाऊ आयकराच्या दृष्टीने ‘नातेवाईक’ या व्याख्येत येत नाही. मामा, काका, आत्या, मावशी येतात, त्यांची मुले येत नाहीत. त्यामुळे वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम अशा भावाकडून बक्षीस घेतली तर ती सगळी आपल्या उत्पन्नात धरून कर लागतो.

वडिलांचे ८ लाख मात्र पूर्णपणे चालण्यासारखे आहेत, फक्त त्यांचा माग कागदावर सलग दिसला पाहिजे. नोंदवलेले खरेदीखत, सूची क्रमांक दोनचा उतारा (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), खरेदीदाराकडून वडिलांच्या खात्यात रक्कम जमा झाल्याची नोंद, तिथून आपल्या खात्यात आरटीजीएसने आलेली नोंद, आणि ही रक्कम परत घ्यायची नाही असे स्पष्ट लिहिलेले, वडिलांच्या सहीचे नोटरी केलेले बक्षीसपत्र, एवढे एकत्र लावावे. मराठी दस्ताचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे लागते. ते आपण स्वतः किंवा घरातल्या कोणी करून चालत नाही, आणि भाषांतरकार अधिकृत नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्रही लागते. एक गोष्ट स्पष्टच लिहितो: जमिनीच्या व्यवहारात दस्ताबाहेर रोख रक्कम घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, परंतु त्या पैशाला कागद नसतो आणि या कामासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. खरेदीदाराला पूर्ण रक्कम दस्तात आणि बँकेमार्फत द्यायला सांगावे. जमीन विकली जाईपर्यंत तिची किंमत धरता येत नाही; घराच्या किमतीचेही तेच. घरातले सोनेही मी हिशेबात धरणार नाही. ते गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडून, पक्के बिल घेऊन रक्कम खात्यात आली तरच तो निधी होतो, आणि आपल्या २० लाखांत ती वेळ येऊ नये.

पतसंस्थेची ठेव नियमाने बाद नाही, पण मी ती बँकेत आणीन. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली चालत नाहीत, त्यांच्या ठेवींना बँकांप्रमाणे ५ लाखांचे विमासंरक्षण नसते, आणि त्यांचे पत्र बहुतेक वेळा मराठीत, ईमेल-दूरध्वनीशिवाय मिळते. ओटावात बसलेल्या अधिकाऱ्याला ही संस्था काय आहे हे समजावत बसण्यापेक्षा मुदत संपताच धनादेशाने रक्कम पगाराच्या खात्यात घ्यावी आणि ठेवपावतीची प्रत जपून ठेवावी. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा बँक यांचा प्रश्न वेगळा आहे. त्या परवानाधारक बँका आहेत व त्यांचे पत्र चालायला हरकत नाही.

पत्नीच्या मुदत ठेवीबाबत तीन गोष्टी पाहाव्यात. ती करबचतीची पाच वर्षांची ठेव असेल तर मुदतीआधी मोडता येत नाही, म्हणून उपलब्ध निधी म्हणता येणार नाही. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला असेल तर तेवढी रक्कम बांधलेली आहे. आणि ठेव आपोआप नूतनीकरण होत असेल तर पावतीवर अलीकडची तारीख पडते, त्यामुळे पैसे कालच आले असे वाटते. अशा वेळी जुन्या पावतीची प्रत लावावी. ठेवीवर आपले नाव संयुक्त करून घ्यावे, आणि तसे होईपर्यंत ही रक्कम वापरण्यास आपल्याला मुभा असल्याचे तिचे प्रतिज्ञापत्र ठेवावे. पीपीएफ आणि भविष्य निर्वाह निधी मी बेरजेत घेत नाही.

बँकेच्या पत्रासाठी शाखेत गेल्यावर काउंटरवर एका ओळीचा शिलकीचा दाखला हाती ठेवतात. तो पुरेसा नाही. आयआरसीसीला लेटरहेडवर बँकेचा पत्ता, दूरध्वनी व ईमेल, आपले नाव, प्रत्येक खात्याचा क्रमांक, ते उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी, आणि क्रेडिट कार्ड व कर्जाची देणे बाकी, असे सगळे एकाच पत्रात हवे असते. ‘आमच्याकडे असा नमुना नाही’ हे उत्तर मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ऐकले आहे. मजकूर स्वतः टंकित करून न्यावा, शाखाधिकाऱ्यांना थेट भेटावे आणि महिनाअखेर टाळावी. सोबत शिक्का मारलेला सहा महिन्यांचा खातेउतारा घ्यावा. गृहकर्ज असले म्हणून अर्ज बाद होत नाही, पण ते लपवू नये. एक्सप्रेस एंट्रीतून अर्जाचे निमंत्रण आल्यावर संपूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात, तेव्हा ठेवी एकत्र करण्याचे काम त्याच्या आधीच संपलेले असावे. रक्कम अर्जाच्या दिवशी आणि व्हिसा देण्याच्या वेळीही खात्यात असली पाहिजे, म्हणून मधल्या काळात तिला हात लावू नये.

हे पैसे आधीच कॅनडात पाठवण्याची आवश्यकता नाही. पुढे पाठवताना उदारीकृत प्रेषण योजनेत (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत) प्रत्येकाला आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर अशा कारणांसाठी २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो आयकर) कापला जातो. तो विवरणपत्रात समायोजित होतो, परंतु नेमक्या गरजेच्या वेळी दीड लाख अडकून पडतात. ही १० लाखांची सीमा पती-पत्नीला स्वतंत्र आहे. सोबत १० हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त नेत असाल तर उतरल्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्याला सांगावे लागते.

पतसंस्थेच्या ठेवीची मुदत कधी संपते आणि तिच्यावर कर्ज उचललेले आहे का, एवढे कृपया कळवावे. कर्ज असेल तर वरच्या २० लाखांतून ती रक्कम वजा करून हिशेब नव्याने मांडावा लागेल.