हॅमस्टरचा पिंजरा रोज धुऊनही वास का जात नाही?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकीसाठी हॅमस्टर आणला, बेळगावातल्या वडगावच्या जुन्या घरात मधल्या खोलीत ठेवलाय, रोज पिंजरा रिकामा करून फिनेलच्या पाण्यानं धुता, तरी दुसऱ्या दिवशी वास असतोच. आता सासूबाई म्हणताहेत, हे दुकानात परत देऊन या. देऊ नका. उद्यापासून फक्त एक करा, रोजचं धुणं बंद करा. तुमच्याकडचा निम्मा वास त्या धुण्यामुळेच येतोय.

हॅमस्टरला दिसतं कमी, तो जग ओळखतो नाकानं. सोनेरी, म्हणजे सीरियन जातीच्या हॅमस्टरला दोन्ही कुशींवर, मांडीच्या जरा वर, एकेक गंधग्रंथी असते. केस बाजूला केले की काळसर ठिपका दिसतो. पुष्कळ लोक त्याला जखम किंवा चामखीळ समजून घाबरतात, पण तसं काही नाही. छोट्या ड्वार्फ जातींत ही ग्रंथी पोटावर असते. या ग्रंथी घासत तो आपल्या जागेवर खूण करतो. तुम्ही सगळं काढून, धुऊन, नवं अंथरून दिलंत की त्याच्या दृष्टीनं तो परक्या घरात येऊन पडतो. मग घाबरून दुप्पट खुणा करतो, इथे तिथे मुततो. तुम्ही पुन्हा धुता, तो पुन्हा खुणा करतो. हे चक्र कुठेतरी थांबवायला हवं आणि ते तुमच्याच हातात आहे.

खरा वास जनावराचा नसतो, मुताचा असतो. तोही ताज्या मुताचा नव्हे. मुतातल्या युरियाचं जीवाणू अमोनिया करतात, आणि ओल, ऊब, कोंदटपणा मिळाला की ते काम भराभर होतं. डोळ्यांना झोंबतो तो हाच अमोनिया. आपल्याला तो खोलीत शिरल्यावर जाणवतो, पण त्या जिवाचं नाक जमिनीपासून दोन बोटांवर असतं. रोज तेच हुंगत राहिला तर त्याच्या श्वासनलिकेला त्रास होतो. म्हणजे वास काढायचा तो सासूबाईंसाठी जितका, तितकाच त्याच्यासाठीही.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. बिथरला नसेल तर हॅमस्टर सहसा कुठेही मुतत नाही, एकच जागा ठरवतो. सोनेरी हॅमस्टरचं मूळ गाव सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासचं कोरडं रान. इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं १९३० साली तिथल्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, आणि आज जगभर घराघरांत असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच कुळातले. तिथे पाणी कमी, म्हणून मूत थोडं पण दाट. बीळ अर्धा-पाऊण मीटर खोल असतं. त्यात झोपायची जागा वेगळी, धान्याची वेगळी आणि मुतायची वेगळी. ही सवय पिंजऱ्यातही जात नाही. चार दिवस नीट बघा, एकच कोपरा ओला सापडेल. बहुधा झोपायच्या जागेपासून लांबचा, आडोशाचा.

त्या कोपऱ्यात संडास करून द्या. दुकानात प्लास्टिकचे मिळतात, पण आपल्या घरात त्याहून चांगली वस्तू पडलेली असते : लोणच्याची चिनी मातीची जुनी बरणी. रुंद तोंडाची बघा, गालात दाणे भरलेला हॅमस्टर सहज आत-बाहेर करेल अशी. आडवी ठेवा, गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी खालचं अंथरूण दाबा, आत दोन बोटं वाळू घाला आणि ओल्या कोपऱ्यातला चिमूटभर ओला कागद त्या वाळूवर टाका. त्या वासानं त्याला कळतं की जागा इथे हललीय. बरणी घ्यायची ती तिच्या झिलईसाठी. त्यात मूत मुरत नाही, गरम पाण्यानं एका मिनिटात स्वच्छ होते. खानापूरची तांबडी मातीची भांडी मला फार आवडतात, पण संडासाला ती चालत नाहीत. बिनझिलईची माती मूत पिऊन घेते आणि मग किती धुतली तरी वास सोडत नाही. ते गाडगं उन्हाळ्यात त्याला आत गार बसायला द्या.

वाळू नदीची चालेल, पण तशीच नको. बारीक चाळणीनं चाळून खालची धूळ टाकून द्या, राहिलेली वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा, उन्हात वाळवा आणि जुन्या लोखंडी कढईत चांगली भाजून गार करा. धूळ उडत असेल तर ती फुप्फुसात जाते, म्हणून चाळणं-धुणं चुकवू नका. रोज संध्याकाळी तो उठल्यावर ओल्या वाळूचे गोळे चमच्यानं काढायचे आणि तेवढीच नवी वाळू घालायची. सगळी वाळू आठवड्यातून एकदा बदला. जमलं तर कोरड्या वाळूचं एक पसरट भांडं वेगळं ठेवा, तो त्यात लोळून अंगावरचं तेल काढतो. हॅमस्टरची आंघोळ ती एवढीच. पाण्यानं कधीही अंघोळ घालू नका, अंग गारठून तो आजारी पडतो.

आता अंथरूण. इथे बेळगावात लोक हाताला येईल ते घालतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सॉ मिलमधला भुसा नको. बारीक भुशाची धूळ नाकात जाते आणि मिलमध्ये कुठलं लाकूड कशात मिसळलंय ते कळत नाही. पाइन आणि देवदाराच्या ताज्या लाकडात उग्र वासाची तेलं असतात. माणसाला तो वास छान वाटतो, पण लहान प्राण्याच्या छातीला आणि यकृताला तो त्रासाचा. प्लायवुड कापताना पडणारा भुसा तर अजिबात नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. खानापूर भागातले लोक भाताचं तूस घालतात. ते टोचतं, धूळ करतं आणि मूत शोषत नाही. पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, घालायचं तर बुरशी नसलेलं, मऊ, बारीक कापून, तेही घरट्यासाठी थोडंच.

आणि तुम्ही वडगावच्या, म्हणजे विणकरांच्या भागातल्या, म्हणून हे मुद्दाम : मागावरचा सूत-रेशमाचा कचरा मऊ दिसतो म्हणून त्याच्या घरट्यात घालू नका. धागा पायाला गुंडाळला जातो, रक्त अडतं आणि पाय जातो. गिळला तर आतडं तुंबतं. कापसाचंही तेच, अगदी दुकानात हॅमस्टरचा म्हणून विकला जाणारा कापूससुद्धा.

चांगलं काय, तर बिनवासाचं कागदी बेडिंग किंवा ॲस्पेन लाकडाचे काप. दोन्ही पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. लव्हेंडरचा किंवा लिंबाचा वास लावलेलं घेऊ नका. खर्च वाचवायचा असेल तर छापखान्यात कटिंग मशीनखाली कोऱ्या कागदाच्या पट्ट्या पडतात, त्या मागून आणा आणि बेडिंगमध्ये मिसळा. पट्ट्या मूत फारसं शोषत नाहीत, पण बिळाला आधार देतात. घरट्यासाठी साधा पांढरा टिश्यू पेपर फाडून द्या, तो स्वतः आत ओढून नेतो. एवढं सगळं घालायचं ते वीतभर खोल. चार बोटांचा पातळ थर दिला तर मूत थेट तळाला जाऊन साचतं आणि आठवडाभरात वास येतो. खोल अंथरुणात तो बीळ करतो, ओल पसरत नाही, वरचा भाग कोरडा राहतो. अंथरूण जास्त घातलं की साफसफाई कमी होते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच.

तुमच्या फोटोतला पिंजरा दुकानात देतात तो, हातभर लांबीचा. एवढ्याशा जागेत कोणीही कितीही साफ केलं तरी वास राहणारच, कारण मूत जिरायला आणि वारा खेळायला जागाच नाही. किमान १०० सेंटीमीटर लांब आणि ५० सेंटीमीटर रुंद तळ द्या. मासे ठेवायच्या काचेच्या टाक्या बनवून देणारे बेळगावात आहेत. गळकी जुनी टाकी स्वस्तात मिळते आणि आपल्याला पाणी भरायचंच नाही. वर पत्रा किंवा काच नको, लोखंडी जाळीचं झाकण करून घ्या, नाहीतर अमोनिया आतच कोंडतो.

साफसफाईचा क्रम असा ठेवा. रोज संडासाची वाळू. आठवड्यातून एकदा फिरतं चाक धुवा, कारण पळता पळता तो चाकावर मुततो आणि पुष्कळांच्या घरात वास कोपऱ्यातून नाही, चाकाच्या खाचेतून येत असतो. त्याच वेळी साठवलेला ओला खाऊ काढा. काकडी, मेथी, कोथिंबीर असं काही त्यानं पुरलेलं असेल तर ते कुजतं. कोरडे जोंधळे-बाजरीचे दाणे मात्र तिथेच राहू द्या. त्याचं कोठार लुटलं की तो बिथरतो. लेकीला सांगा, कुंदा-बिंदा काही भरवायचं नाही. चिकट गोड गालाच्या पिशवीत अडकून सडतं. महिना-दीड महिन्यानं अंथरुणाचा निम्मा भाग बदला, तोही ओला आणि मळका तेवढाच. घरट्याजवळचा कोरडा भाग बाजूला काढून नव्यात परत मिसळा. त्याच्या वासाची ओळख राहते आणि तो शांत राहतो. मादीला पिल्लं झाली असतील तर दोन आठवडे घरट्याला हातही लावू नका, घाबरून ती पिल्लं खाते.

धुवायला साधं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर. मुताचे पांढरे खडे बसतात ते त्यात दहा मिनिटं भिजवले की सुटतात. नंतर साध्या पाण्यानं खळाखळा धुऊन पूर्ण वाळवा. फिनेल बंद. काळ्या फिनेलमधले डांबराच्या जातीचे पदार्थ आणि पांढऱ्यातलं पाइनचं तेल, दोन्ही इतक्या लहान जिवाला बाधतात. पिंजऱ्याजवळ डांबरगोळ्या, कॉइल, धूप, रूम फ्रेशनरही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजरा दुसरीकडे हलवा. उदबत्तीनं आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, पण अमोनिया जिथल्या तिथे असतो आणि वर धूर.

आपल्याकडचा पाऊस हे वेगळं प्रकरण आहे. अथणी-चिकोडीकडच्या लोकांना हे कळणार नाही, पण बेळगाव-खानापूरला जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात, खिडक्या बंद आणि कपडे आठवडाभर वाळत नाहीत. त्याच ओलीत अमोनिया वाढतो आणि अंथरुणाला बुरशी लागते. म्हणून मे महिन्यातच पावसाळ्यापुरतं बेडिंग आणि भाजलेली वाळू घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. पिंजरा जमिनीवर नको, टेबलावर, ओल आलेल्या भिंतीपासून वीतभर लांब. या दिवसांत वाळू आठवड्याऐवजी तीन-चार दिवसांनी बदला. पाऊस थांबला की दुपारी तासभर खिडकी उघडा, पण वारा थेट त्याच्या अंगावर नको.

एवढं सगळं करूनही वास आला तर जनावराकडे बघा. सोनेरी मादी दर ४ दिवसांनी माजावर येते आणि त्या संध्याकाळी कस्तुरीसारखा उग्र वास येतो. दुसऱ्या दिवशी तो आपोआप जातो, काही करायचं नाही. पण शेपटीखाली ओलं, चिकट, घाण वासाचं दिसलं आणि तो मलूल असेल तर ते जुलाब आहेत. लहान वयाच्या सोनेरी हॅमस्टरला हा आजार एक-दोन दिवसांत नेतो. सकाळची वाट बघू नका, डॉक्टर गाठा. मादीच्या मूत्रमार्गाकडून पू येणं, तोंडाला सडका वास येणं, ड्वार्फ जातीत पाणी भरपूर पिणं आणि मूत चिकट होणं, हीसुद्धा डॉक्टरकडे न्यायची कारणं. गाई-म्हशींचा दवाखाना जवळ असला तरी निघण्याआधी फोन करून विचारा की हॅमस्टर बघतात का. छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर कोण, हे आजार यायच्या आधीच शोधून नंबर लिहून ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं एका बाबतीत अगदी बरोबर आहे. पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवू नका. मागच्या दारी धुवा, त्याची घासणी वेगळी ठेवा, लेकीला हात साबणानं धुवायला लावा. काढलेला कागद परसात मातीत पुरला तर जास्वंदीला चालतो, पालेभाजीच्या वाफ्यात मात्र टाकू नका.

फोटोत जात नीट ओळखू येत नाही. तुमचा सोनेरी आहे की ड्वार्फ, तेवढं लिहा. बरणीचं तोंड किती रुंद हवं आणि चाक किती मोठं, ते त्यावर ठरतं. सोनेरीला २८ सेंटीमीटरच्या आसपासचं चाक लागतं, ड्वार्फला २० पुरतं.