एजंटाला गोष्ट लागतेच, पण आधी हक्क लागतात

ताई, तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात: जुळे सोलापूरच्या या ताईंनी चार ते सात वयाच्या मुलांसाठी चित्रगोष्ट लिहिली. भाच्याकडून सगळी चित्रं काढून घेतली, एका छापखानेवाल्या प्रकाशकाकडून मराठी पुस्तक काढलं आणि मग इंग्रजी अनुवाद दिल्ली-लंडनच्या सहा एजंटांना पाठवला. पाच गप्प. सहाव्याने विचारलं, हक्क कोणाकडे आहेत? ताईंचं म्हणणं, लेखिका मी, तर हक्क माझेच ना?

तसं नसतं ओ.

एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तकाचे हक्क प्रकाशकांना विकणारा माणूस, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याची कमाई कमिशनवर: लंडनकडे साधारण त्यांच्या देशातल्या विक्रीवर १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के. म्हणजे गोष्ट आवडली तरी तो दुसरं गणित मांडणारच: यात विकायला काय उरलंय? मराठी पुस्तक आधी निघालंय ही अडचण नाही. अडचण असते ती करारातल्या एका ओळीची. आपल्याकडच्या छापील करारांत ती सर्रास सापडते: 'सर्व भाषा, सर्व माध्यमे, जगभर, कायमस्वरूपी'. या ओळीखाली सही असेल तर इंग्रजीच काय, शेजारच्या विजापूरसाठी कन्नड आवृत्तीसुद्धा तुम्हाला काढता येत नाही. माझं एक पुस्तक याच ओळीपायी अजून अडकलेलं आहे, म्हणून जरा चिडून लिहितोय. सांभाळून घ्या.

गंमत अशी की करार जितका अर्धवट, तितके तुम्ही सुरक्षित. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ बघा. हक्क सोपवणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि सोपवलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर तेवढा हक्क सुटतो. पण करारात वेगळं लिहिलं असेल तर यातलं काहीच कामाला येत नाही, आणि 'कायमस्वरूपी' तिथे त्याचसाठी बसवलेलं असतं. (मी वकील नाही. कागद वकिलाला दाखवाच. फक्त जमिनीचे दावे चालवणाऱ्याला नको, तो 'बघू' म्हणून महिनाभर ठेवून घेईल.)

सही झाली नसेल तर मागायचं एवढंच: फक्त मराठी, फक्त छापील, पाच वर्षं, आणि प्रती संपून सहा महिन्यांत पुनर्मुद्रण नाही झालं तर हक्क परत. 'आमचा फॉर्म असाच असतो' म्हणाले तर पेनाने खोडायचं आणि दोघांनी बाजूला सही करायची. आणि आयएसबीएनचे (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे) म्हणून वेगळे पैसे दिले असतील तर तेही ऐका: भारतात तो क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावावरही.

तसंच, गोष्ट स्टोरीवीव्हरसारख्या खुल्या मंचावर टाकली असेल तर एजंटाला पहिल्याच मेलमध्ये सांगा. तिथला परवाना असा आहे की श्रेय देऊन कोणीही ती भाषांतरित करून छापू-विकू शकतं. मंच उत्तम आहे, पण मग एकहाती विकायला काही उरत नाही.

आता ते पाच गप्प का. माझा अंदाज, चित्रं. लिहिणारा चित्रकार नसेल तर एजंटाला नुसता मजकूर हवा असतो, चित्रकार कोण ते प्रकाशक ठरवतो. भाच्याचा हात कितीही चांगला असो, तुमच्या जोडीमुळे एजंटाला दोन माणसं एकदम विकावी लागतात. एक नापसंत, की दोन्ही परत. त्यातून चित्रांचे हक्क भाच्याकडून लेखी घेतलेत का? नातं वेगळं, कागद वेगळा.

चित्रात दुकानाच्या पाट्या, भिंतीवरची अक्षरं असतील तर आणखी एक घोळ. अनेक भाषांच्या आवृत्त्या एकत्र छापताना चार रंगांपैकी फक्त काळ्याची प्लेट बदलतात. म्हणून मजकूर काळ्यातच आणि चित्राबाहेर हवा. लाल रंगात 'शेंगा चटणी' अशी पाटी रंगवली, की प्रत्येक भाषेला नवीन चित्र. यमकाचंही तेच, अनुवादात ते मरतं. यमकच हवं असेल तर मात्रा तंतोतंत बसवा, नाहीतर गद्य बरं.

मजकुरात एजंट काय बघतो तर पान उलटणं. चित्रगोष्ट बहुतेक ३२ पानांची, कारण मोठा कागद घडी घालून १६-१६ पानांत कापला जातो. शीर्षक, श्रेयनामावली वगळून गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक) मिळतात. आठ कोरे कागद एकात एक मधोमध दुमडले की ३२ पानांची वही होते. मजकूर कापून तिच्यात चिकटवून बघा. उजव्या पानाची शेवटची ओळ अशी हवी की पोराने स्वतः पान उलटावं. तुम्ही पोस्टमध्ये दिलेली ओळ घ्या: 'सोनूने ओली लाल चादर उचलली आणि गच्चीवर दोरीवर वाळत घातली.' लाल, गच्ची, दोरी, सगळं चित्रात दिसणारच आहे. मी उजव्या पानावर एवढंच ठेवलं असतं: 'आज चादर जड का लागतेय?' पान उलटल्यावर: 'आत कोणीतरी झोपलं होतं.' शब्द पाचशेच्या आत ठेवा, तेही इंग्रजीतले मोजा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपले चारशे तिकडे पाचशेच्या वर सहज जातात.

स्वतः वाचून तपासू नका, तुम्हाला कुठे थांबायचं ते पाठ असतं. सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरात तेलुगू बोलतात तिथल्या एखाद्या तिसरीतल्या पोराला मराठी मजकूर मोठ्याने वाचायला द्या. तो अडखळेल तिथे पेन्सिलने खूण, आणि तेवढीच वाक्यं बदला.

पाठवताना चित्रगोष्ट असेल तर पूर्ण मजकूर, मोठी कादंबरिका असेल तर पहिली तीन प्रकरणं आणि पानभर सारांश. शेवट सारांशात सांगायचा, लपवायचा नाही. बरेच एजंट अनोळखी माणसाची जोडलेली फाइल उघडतच नाहीत, म्हणून त्यांच्या नियमात तसं असेल तर मजकूर मेलमध्येच चिकटवा. मराठी नमुना देणार असाल तर युनिकोडमध्येच. डीटीपीवाल्याकडची जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे नुसती किडामुंगी दिसते. आणि वाचायचे पैसे मागणाऱ्या एजंटाला उत्तरही देऊ नका. खरा एजंट पुस्तक विकल्यावरच कमावतो.

मराठीपुरतं म्हणाल तर एजंट जवळपास नाहीतच, थेट प्रकाशकाकडे जायचं. चेन्नईची तुलिका मराठीतही पुस्तकं काढते, त्यांचे नियम वाचून बघा. पण आधी हक्कांचा गुंता. त्या करारातला हक्कांचा परिच्छेद, नावं आणि रक्कम झाकून, फोटो काढून इथे टाका. 'कायमस्वरूपी' हा शब्द आहे की नाही ते बघू, मग सहाव्या एजंटाला काय लिहायचं ते ठरवू. तोवर त्याला एवढंच कळवा की कागद तपासतेय, आठवड्यात सांगते.