गाजलेल्या गाण्यांवर नाटक बसवताना

प्रश्न : आमच्या हौशी मंडळाला जुन्या मराठी चित्रपटगीतांवर दोन अंकी नाटक करायचं आहे. गाणी किती घ्यावीत? परवानगी लागते का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन तासांच्या प्रयोगाला 12 ते 14 गाणी पुष्कळ झाली. बहुतेक गाणी मुखडा आणि एकाच अंतऱ्यावर थांबवा. आधी आवडती गाणी जमवून मागाहून गोष्ट जोडली, की त्याचा ऑर्केस्ट्रा होतो. लंडनला 1999 मध्ये आलेलं ‘मामा मिया’ ‘ॲबा’ या स्वीडिश पॉप गटाच्या गाण्यांवर उभं आहे, पण गोष्ट आई-मुलीची आहे, त्या गटाची नाही. गाणं काढल्यावर प्रसंग लंगडा पडला, तरच ते गाणं ठेवा.

खरी अडचण पट्टीची. मूळ गाणं काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात) आणि तुमची नटी काळी दोनची, असं हमखास होतं. कराओके ट्रॅक इतका खाली उतरवला की वाद्यं बोदी वाजतात. त्यापेक्षा पेटी, तबला आणि कीबोर्ड प्रत्यक्ष वाजवा. ओळखीचा मुखडा येताच टाळ्या पडतात, म्हणून त्यावर संवाद ठेवू नका. वादकांना चार मात्रा थांबायला सांगा.

तिकीट लावणार असाल तर परवानगी लागतेच. गीतकार-संगीतकारांच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं तर त्याची परवानगी वेगळी. ऑर्केस्ट्राचा परवाना नाटकालाही चालेल असं धरू नका, कथेत गाणं वापरण्याची लेखी संमती घ्या. शब्द बदलणार असाल तर तेही त्यात लिहा. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही हवं. हे सगळं हातात आल्यावरच सुरेश भट सभागृहाची तारीख घ्या.