'सालीर' म्हणजे निघणे

स्पॅनिश शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'सालीर' आणि 'इर्से' या दोन्ही क्रियापदांपुढे शब्दकोशात 'निघून जाणे' असेच दिलेले असते, तर कोणते कुठे वापरावे?

'इर्से'मध्ये माणूस आता येथे नाही, यावर भर असतो. 'सालीर'मध्ये तो आतून बाहेर पडला, यावर. कचेरीत फोन केल्यावर 'आ सालीदो' असे उत्तर मिळाले, तर साहेब जरा बाहेर गेले आहेत, परत येतील. 'से आ इदो' म्हटले, तर ते निघून गेले, वाट पाहण्यात अर्थ नाही. निरोप घेताना, जिथे आपण 'येतो' म्हणतो तिथे, स्पॅनिश माणूस 'मे बॉय' म्हणजे चक्क 'जातो' म्हणतो.

'सालीर' थेट कर्म घेत नाही. जी जागा सोडायची तिच्याआधी 'दे' लागतोच. 'साल्गो दे कासा' म्हणजे 'मी घरातून निघतो'. इंग्रजीच्या वळणाने वाक्य जुळवणाऱ्यांकडून हा 'दे' हमखास गळतो. मराठीतला '-ऊन' मनात धरला तर गळणार नाही.

मुळात लॅटिनमध्ये हे क्रियापद 'उडी मारणे' या अर्थाचे होते; इटालियनमध्ये त्याचे 'चढणे' झाले, स्पॅनिशमध्ये 'बाहेर पडणे'. पुढचा अर्थविस्तार मात्र थेट आपल्या 'निघणे'सारखा आहे. 'ला सांदिया सालिओ दुल्से' म्हणजे कलिंगड गोड निघाले. 'नो मे सालेन लास पालाब्रास' म्हणजे तोंडातून शब्द निघत नाहीत. अर्थात सगळीकडे ही जोडी जमत नाही: सूर्य उगवतो, गाडी सुटते, सौदा महागात पडतो, अंगावर पुरळ उठते, आणि या सर्वांना स्पॅनिशमध्ये एकटे 'सालीर' पुरते. 'सालीर्से' असे रूप केले की दूधही उतू जाते.

याचे आज्ञार्थी रूप 'साल' (याच शब्दाचा दुसरा अर्थ मीठ). त्याला 'त्याला' या अर्थाचा 'ले' जोडला की उच्चार 'साल्‌ले' होतो, पण स्पॅनिशमध्ये जोडून लिहिलेल्या दोन 'ल'चा उच्चार साधारण 'य'सारखा होत असल्याने हे रूप लिहायचे कसे, हा पेच उभा राहतो. 1713 मध्ये स्थापन झालेल्या रेआल अकादेमियाने, म्हणजे स्पॅनिश भाषेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, त्यावर दिलेला निर्णय असा की, हे रूप बोलता येते, पण लिहिता येत नाही. देवनागरीत ते बिनदिक्कत लिहिता येते!