जुन्या टाइल्सवरच बाथरूममध्ये कोटा फरशी बसवता येईल का? खालची जमीन कशी तयार करावी?

तुमचा प्रश्न असा: फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बाथरूम 5 × 7 फूट, आठ इंच सनकन (खाली उतरवलेला) स्लॅब, खालच्यांच्या छताला ओल, आणि गवंडी म्हणतोय की टाइल न फोडता वरूनच कोटा लावून देतो.

तसं करू नका. कोटा चिकटेल, पण ओल थांबणार नाही. दगड पाणी अडवत नाही. कोटा थोडं पाणी शोषतो, सांध्यांतूनही पाणी झिरपतं. पाणी अडतं ते खालच्या थरात, आणि तुमचा तोच थर गेलेला आहे. शिवाय वरून लावल्यास जमीन जवळपास दोन इंच वर येईल, मग दारापाशी पाणी बाहेर.

टाइल आणि जुना भराव स्लॅबपर्यंत काढा. ब्रेकर फक्त वरच्या थराला चालवा. स्लॅबच्या जवळ आल्यावर छिन्नी-हातोडीच हवी, नाहीतर नव्या भेगा तुम्हीच पाडाल. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवा. भेगा, सच्छिद्र जागा आणि पाइपांभोवतीची भोकं नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राऊटने भरा. गळती बहुतेक वेळा स्लॅबच्या मध्यातून होत नाही. पाइपांभोवती आणि भिंत-स्लॅबच्या कोपऱ्यातून होते. म्हणून कोपऱ्यात दोन इंचाचा वाटा (मालाची गोलाई) काढा, म्हणजे काटकोन मोडतो आणि लेप तिथे फाटत नाही. मग दोन घटकांचा पॉलिमर-सिमेंट लेप, दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा. कोपऱ्यात फायबरची जाळी लेपात दाबून बसवा. भिंतीवर लेप तयार जमिनीच्या वर किमान एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा फूट.

लेप वाळला की नहाणीचं (पाणी जाण्याच्या जाळीचं) तोंड बंद करून पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा आणि 48 तास ठेवा. खालच्यांकडे स्वतः जाऊन छत बघा. ही चाचणी झाल्याशिवाय भराव टाकू देऊ नका. पाण्याच्या नव्या लाइन्सची प्रेशर टेस्टही याच वेळी घ्या.

भरावासाठी गवंडी विटांचे तुकडे सुचवेल. सहा इंच भराव धरला तर एवढ्याशा बाथरूममध्ये त्याचं वजन 900 किलोच्या आसपास जातं, त्यावर कोट्याचे आणखी 180-190 किलो. एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट विटांचे) तुकडे वापरलेत तर भरावाचं वजन निम्म्याच्या जवळ येतं. जुन्या इमारतीत मी हेच घेईन. डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) मात्र कधीच परत भरू नका. त्यात पाणी साठतं आणि माती सुटत राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ढाळ भरावाच्या वरच्या थरातच काढा, फरशीखालच्या मालात नाही. माल एका टोकाला इंचभर आणि दुसऱ्या टोकाला दोन इंच झाला, तर तो असमान आकसतो आणि फरशी पोकळ वाजायला लागते. दुसरं कारण, या थरावर पुन्हा लेप द्यायचा आहे आणि सांध्यांतून उतरलेलं पाणी त्या लेपावर येतं. लेप सपाट असेल तर ते तिथेच मुरतं, कोट्यावर काळपट ओले डाग पडतात आणि सांध्यांतून पांढरा खार फुटतो.

माप वरून खाली काढा. बाहेरच्या फरशीपेक्षा बाथरूम 15 मिमी खाली, कोटा 22, माल 25, म्हणजे दारापाशी तळाचा थर बाहेरच्या फरशीपासून 62 मिमी खाली हवा. 1:80 ढाळ धरला तर सहा फुटांवरच्या नहाणीशी तो 85 मिमीच्या आसपास येतो. पाण्याच्या नळीने (पातळी बघायच्या) चारही कोपऱ्यांत खुणा करून घ्या. हा थर 1:4 (सिमेंट:वाळू) मालाचा, गोणीमागे 200 मिली वॉटरप्रूफिंग द्रावण घालून (डब्यावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेच पाळा). सात दिवस ओला ठेवा.

त्यावर पुन्हा लेपाचे दोन हात आणि पुन्हा पाणी भरून चाचणी. नहाणी ट्रॅपच्या वर जो पाइपचा तुकडा बसतो, त्याला लेपाच्या पातळीवर चार-पाच बारीक भोकं पाडा आणि भोवती मूठभर बारीक खडी ठेवा, म्हणजे मालाने भोकं बुजणार नाहीत. मुरलेल्या पाण्याला हीच वाट आहे. गवंडी हे आपण होऊन करत नाहीत, समोर उभं राहून करून घ्या.

कोट्याची जाडी एकसारखी नसते, म्हणून केमिकलच्या (टाइल अॅडहेसिव्हच्या) पातळ थरापेक्षा 1:4 चा निमओला माल आणि वर सिमेंटची स्लरी बरी. फरशीची पाठ धुऊन ओली करून बसवा. दगडाची भुकटी राहिली तर पकड येत नाही.

काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला अॅसिड वापरू देऊ नका. कोटा चुनखडीचा दगड आहे, अॅसिडने त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो. सिमेंट ओलं असतानाच स्पंजने पुसून घ्या, आणि पुढेही अॅसिडवालं बाथरूम क्लीनर त्यावर टाकू नका.